जुन्या गाडीत इंजेक्शनचं इंजिन : आभार

कार्ब्युरेटरची (हवेच्या ओढीने पेट्रोल मिसळणारी) जुनी छोटी गाडी इंजेक्शनच्या (दाबाने पेट्रोल फवारणाऱ्या) इंजिनावर आणायला ज्यांनी ज्यांनी नाव न सांगता मदत केली, त्या सगळ्यांचे मनापासून आभार.

पहिले आभार पेट्रोलच्या लाइनबद्दल बजावणाऱ्यांचे. कार्ब्युरेटरला ०.३ बारच्या आसपास दाब पुरतो, इंजेक्टरला साधारण ३ बार लागतो. जुने रबरी पाइप त्या दाबाला टिकत नाहीत, होज इंजेक्शनसाठीचाच हवा. टाकीत आडभिंती नसतील तर वळणावर पेट्रोल एका बाजूला पळतं, पंप हवा ओढतो नि इंजिन अडखळतं. टाकी आणि पंपाच्या मध्ये दीड लिटरचं भांडं आणि टाकीकडे परतीची लाइन, हा उपाय तुमचाच.

वायरिंगवाल्यांना तर दंडवत! स्टार्टर फिरतो, पंपही चालतो, पण ठिणगी नाही. अशा वेळी सगळे ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) बदलायला धावतात. तुम्ही म्हणालात, आधी क्रँक सेन्सर (इंजिनाचं फिरणं टिपणारा) आणि त्याच्यासमोरच्या दातेरी चक्रातली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) बघा, १ मिमीच्या आसपास हवी. मग इंजिन ते बॉडी अर्थिंगची पट्टी, तीही खालचा रंग खरवडून.

धुराच्या नळीतला ऑक्सिजन सेन्सर आडव्यापेक्षा निदान १० अंश वर कलता ठेवायला सांगणाऱ्याचेही आभार. नाहीतर आत पाणी साचतं नि गरम सेन्सर तडकतो.