ड्रॉ डावाची दोन ओळीत बोळवण नको

संपादक साहेब, बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला की पेपरात दोन ओळीत बोळवण होते, हे काही पटत नाही बुवा. २०१८ ला लंडनमध्ये जगज्जेतेपदाच्या लढतीत कार्लसन-कारुआनाचे बाराही क्लासिकल (म्हणजे भरपूर वेळ देऊन खेळायचे) डाव ड्रॉ झाले, पण त्यातला पहिलाच ११५ चाली चालला, सुमारे सात तास, काळी मोहरी घेऊन कार्लसन जिंकायच्या बेतात होता आणि कारुआनाने घड्याळात वेळ संपत आलेला असताना तग धरला, मग हत्तींच्या एंडगेममध्ये, म्हणजे शेवटी पटावर राजा, हत्ती नि प्यादीच उरली तेव्हा, चिवटपणे डाव वाचवला, ह्याला कंटाळवाणं कसं म्हणायचं? तोडीस तोड खेळणारे भिडले की असंच होणार ना! हां, पंधरा चालीत हात मिळवून मोकळे होतात त्यांना खुशाल झोडपा. बाकीच्यांच्या निदान चाली तरी छापा, आम्ही पट मांडून बघू.