रविवारच्या बैठकीची आठवण : टिफ्रॅक

सर्व सदस्यांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी १० वाजता वाचनालयाच्या माडीवर जमायचं आहे. विषय टिफ्रॅक : मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत घडवलेला, १९६० साली सुरू झालेला संगणक, आणि तो उभा करणारे आर. नरसिंहन व त्यांचे तरुण सहकारी. सुमारे २७०० व्हॅक्यूम ट्यूब (काचेच्या निर्वात नळ्या), पण मेमरी अवघी २०४८ ‘शब्दां’ची (शब्द म्हणजे संगणक एका वेळी हाताळतो तो अंकांचा गट). तीसुद्धा फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या बारीक कड्यांत तारा ओवून केलेली! (टिफ्रॅक हे नाव मात्र १९६२ मध्ये, नेहरूंनी दिलेलं.)

पूर्वी संगणकाला भोकं पाडून माहिती देत ती जुनी कागदी टेप, पंच कार्ड कुणी जपून ठेवलं असेल तर घेऊन या. हाताळायला मिळालं की गप्पा आपोआप रंगतात, भाषणं नकोतच. परभणी-नांदेडकरांनी शनिवारपर्यंत कळवा, जेवणाचा अंदाज लागतो.