बाजारात पोती, घरात कणगी रिकामी

मराडी, नायजर
ऑगस्टअखेर

तीर्थरूप आईस,
साष्टांग नमस्कार.

तू फोनवर विचारलंस, "तिथे काही पिकतच नाही का गं?" तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहिते.

पिकतं, आई. आपल्या माणदेशासारखी बाजरीच पिकते. उत्तरेला सगळं सहारा, पण या दक्षिणेच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर पाऊस पडतो. तेवढ्यावर बाजरी, ज्वारी आणि मधे चवळी. आत्ता बाजरी कणसात आहे आणि घराघरांतल्या कणग्यांनी तळ गाठलाय. सुगी झाली की देणी भागवायला बाजरी पडत्या भावात विकावी लागते आणि पावसाळ्यात तीच चढ्या भावाने विकत घ्यायची. 2004 साली पाऊस दगा देऊन गेला, टोळधाड आली, हे खरंच. पण 2005 मध्ये पोरांचे जे हाल झाले, त्यात या भावाचा वाटा मोठा होता असं मला वाटतं. बाजारात धान्य होतं, ते घ्यायला लोकांकडे पैसा नव्हता.

हिवताप आणि हगवणही याच दिवसांत. आमच्या कुपोषित मुलांच्या केंद्रात आम्ही पोरांच्या दंडाला रंगीत पट्टी लावून बघतो. दंडाचा घेर 115 मिलिमीटरच्या खाली गेला की लाल, म्हणजे मूल फारच खंगलंय. काल मी काही बोलायच्या आत एका आईला तो लाल रंग दिसला आणि तिने लेकराला घट्ट उराशी धरलं. त्याला दाण्याच्या मऊ लगद्याची 92 ग्रॅमची पुडी दिली. त्यात दूधपावडर, साखर, तेल, जीवनसत्त्वं, सगळं मिळून 500 कॅलरी. पाणी घालावं लागत नाही, हे इथे फार मोलाचं. पाणी गढूळ असतं. पुडीचा कोपरा चोखत चोखत त्याने ती संपवली!

नुसत्या बाजरीने पोट भरतं, पण मूल अंग धरत नाही. दूध, चवळी, पाला हवा. शेवग्याचा पाला उकडून त्यात दाण्याच्या पेंडीचा चुरा घालतात, तुला आवडेल.

चवळीला लगेच भुंगा लागतो, म्हणूनही ती घाईने विकली जाते. आता तीनपदरी पिशव्या मिळतात: आत प्लास्टिकच्या दोन, वरून विणलेली एक. प्रत्येकीचं तोंड वेगळं आवळून बांधायचं. आतली हवा संपली की भुंगा मरतो, औषध लागत नाही. इथल्या काही बायकांनी गेल्या सुगीची चवळी अशीच राखली आणि भाव चढल्यावर विकली. दादाला सांग, आपल्या हरभऱ्याला हे करून बघ.

तुझी,
सुमन