चूक, कसूर आणि खोटं: इंग्रजीत नेमकं काय लिहायचं?

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

चौकशी अहवालांच्या इंग्रजी भाषांतराची तुझी पानं वाचली. भाषा चांगली वाहते, पण 'फ्रॉड' हा शब्द पानोपानी पसरला आहे आणि तिथेच घोटाळा आहे. मराठीतला 'गैरव्यवहार' ऐसपैस असतो. पावती लावायची राहिली तरी गैरव्यवहार, पैसे खिशात घातले तरी गैरव्यवहार. कायद्याच्या इंग्रजीत 'फ्रॉड' म्हटलं की फसवण्याचा हेतू आलाच. मूळ अहवालात हेतूबद्दल अक्षर नसेल, तर तो आरोप चौकशी अधिकाऱ्याचा राहत नाही, तुझा होतो. अशा जागी 'इररेग्युलॅरिटी' लिही आणि पुढे सरक.

आधी साध्या चुकांचं पाहू. जेम्स रीझन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने केलेली वाटणी विमान वाहतुकीपासून रुग्णालयांपर्यंत सगळीकडे वापरतात आणि भाषांतरातही उपयोगी पडते. ठरवलं बरोबर, पण हातून भलतंच झालं, ती 'स्लिप'. करायचं ते विसरलं, तो 'लॅप्स'. ठरवल्याप्रमाणेच केलं, पण मुळात ठरवलं तेच चुकीचं, ती 'मिस्टेक'. नियम माहीत असून मोडला, तर ते 'व्हायोलेशन', आणि ते चुकांमध्ये मोडतच नाही. कारकुनाने 450 ऐवजी 540 लिहिले ही स्लिप. नवीन यंत्राची किंमत दुरुस्ती खर्चात जाते असं समजून त्याने ती तिथे टाकली, ही मिस्टेक. हिशेबाच्या इंग्रजीत मात्र या दोन्हींना 'एरर'च म्हणतात. दुसरीचं पूर्ण नाव 'एरर ऑफ प्रिन्सिपल', आणि ती असूनही तेरीज, म्हणजे 'ट्रायल बॅलन्स', बिनबोभाट जुळते. (अंकांची अदलाबदल झाली असेल तर फरकाला 9 ने पूर्ण भाग जातो. 540 उणे 450 म्हणजे 90. जुने मुनीम तेरजेतला फरक आधी 9 ने भागून बघत, ते यासाठी.) लेखापरीक्षणाच्या अहवालात आकडा चुकीचा आहे एवढंच म्हणायचं असेल तर 'मिसस्टेटमेंट' हा तटस्थ शब्द आहे. लेखापरीक्षणाच्या मानकांत त्याचे दोन उगम मानले आहेत, एरर आणि फ्रॉड, आणि दोहोंतला फरक एकच: कृती जाणूनबुजून होती की नव्हती.

'ब्लंडर' सरकारी कागदात नको. तो वर्तमानपत्री शब्द आहे, त्यात हेटाळणी येते. 'ओव्हरसाइट'ही जपून. त्याचा एक अर्थ नजरचूक आणि दुसरा थेट देखरेख, त्यामुळे 'समितीची ओव्हरसाइट' असं लिहिलंस तर समिती झोपली होती की जागी होती, ते वाचणाऱ्याला कळणार नाही.

'कसूर'साठी तू सगळीकडे 'फॉल्ट' वापरला आहेस. यंत्राच्या बिघाडाला तो शोभतो. विभागीय चौकशीत 'कर्तव्यात कसूर' म्हणजे 'डेरिलिक्शन ऑफ ड्यूटी' आणि 'गैरवर्तणूक' म्हणजे 'मिसकंडक्ट'. अपघाताच्या फिर्यादीत 'हयगयीने, अविचाराने, भरधाव वेगाने' अशी ठरलेली शब्दमाळ असते. तिथे हयगय म्हणजे 'निग्लिजंट' आणि अविचार म्हणजे 'रॅश'. दोन्ही वेगळे लिही. एकात कोंबले तर कलमातला निम्मा भाग गळतो.

आता 'खोटं'. इथे मराठी फार फसवी आहे, कारण चुकीचा आकडाही खोटा आणि जाणूनबुजून दिलेली साक्षही खोटी. आकड्याला 'इनकरेक्ट' पुरे. 'फॉल्स' लिहिण्याआधी बोलणाऱ्याला खरं काय ते माहीत होतं का, हे मूळ मजकुरात शोध. खोट्या साक्षीच्या व्याख्येत विधान असत्य असून भागत नाही. देणाऱ्याला ते असत्य असल्याचं माहीत हवं, किंवा तसा त्याचा समज हवा, किंवा ते खरं असल्याचा विश्वास त्याला नसावा. वकील बोलताना 'पर्जरी' म्हणतात, पण आपल्या कलमांत तो शब्द नाही, तिथे 'गिव्हिंग फॉल्स एव्हिडन्स' आहे.

महाराष्ट्रातल्या पोलिसी कागदांत हा भेद तीन अक्षरांत बसवलेला आहे. तपास बंद करताना पोलीस न्यायालयाला जो अहवाल देतात, ती 'समरी'. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. 'ब' समरी म्हणजे तक्रार द्वेषबुद्धीने केलेली खोटी. 'क' समरी म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही. वस्तुस्थितीच्या गैरसमजातून केलेली, किंवा मुळात दिवाणी वाद. तुझ्या चौथ्या पानावर 'क' समरी आहे आणि तू 'फॉल्स कंप्लेंट' लिहिलं आहेस. 'ब' समरीनंतर तक्रारदारावरच कारवाई होऊ शकते, 'क'नंतर तशी वेळ येत नाही. एका विशेषणाने तू तक्रारदाराला आरोपीच्या जागी उभं केलंस. तसंच 'आरोप सिद्ध झाला नाही' म्हणजे 'नॉट प्रूव्हड'. त्याचं 'फॉल्स' करू नकोस.

करारांच्या प्रकरणांत 'दिशाभूल' आली की थांब. 1872 च्या करार कायद्यात कलम 17 'फ्रॉड' आणि कलम 18 'मिसरिप्रेझेंटेशन' शेजारी शेजारी आहेत. स्वतःला खरं वाटत नसताना खरं म्हणून सांगितलं तर पहिलं. पुरेशी माहिती नसताना, पण स्वतःला खरं वाटत होतं म्हणून ठामपणे सांगितलं तर दुसरं.

पैशांच्या बाबतीत शब्द निवडण्याआधी पैसे हातात कसे आले ते बघ. सुरुवातीपासूनच थाप मारून घेतले तर 'चीटिंग'. विश्वासाने सोपवलेले होते आणि नंतर हडपले तर 'क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्ट'. सोपवलेले नव्हते, निर्दोषपणे हातात आले आणि मग नियत फिरली तर 'मिसअप्रोप्रिएशन', म्हणजे आपला अपहार. पहिल्या दोन गोष्टी एकाच व्यवहारात एकत्र नांदत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये पुन्हा बजावलं आहे. तरीही फिर्यादीत दोन्ही कलमं जोडीने दिसतील. ती आहेत तशीच भाषांतरित कर, तू न्याय करायला बसू नकोस. 'एम्बेझलमेंट' इंग्रजी वर्तमानपत्रांना आवडतो, आपल्या कलमांत त्या नावाचा गुन्हा नाही.

'बनावट'ला 'फेक' लिहिण्याचा मोह टाळ. बनावट नोट 'काउंटरफिट', बनावट दस्त 'फोर्ज्ड', बनावट पुरावा 'फॅब्रिकेटेड'. दस्ताच्या बाबतीत एक मेख आहे. माणसाने स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच सहीने खरेदीखत केलं, पण जमीन आपली असल्याचं त्यात खोटं लिहिलं, तर मजकूर खोटा असूनही ती 'फोर्जरी' होत नाही. 2009 च्या एका बिहारच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तसं स्पष्ट केलं. म्हणून 'बनावट खरेदीखत' दिसलं की सही कुणाची होती ते आधी वाच. दुसऱ्याची सही ठोकली असेल तर 'फोर्ज्ड' बिनधास्त लिही. नसेल तर 'डीड कंटेनिंग फॉल्स रिसायटल्स' असं लांबण लावलेलं बरं.

बदनामीला 'डिफेमेशन'च. लेखी 'लायबल' आणि तोंडी 'स्लँडर' हा भेद इंग्लंडच्या कायद्याचा. आपल्या फौजदारी कलमात बोललेलं, लिहिलेलं, खाणाखुणांनी दाखवलेलं सगळं एकाच छत्राखाली आहे.

राहिले कलमांचे आकडे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. घटना त्याआधीची असेल तर 1860 च्या दंड संहितेचीच कलमं राहतात, ती 'अद्ययावत' करू नकोस. नंतरच्या घटनांत चीटिंगच्या 420 च्या जागी 318 चं पोटकलम 4 येईल, क्रिमिनल ब्रीच ऑफ ट्रस्टच्या 406 च्या जागी 316 चं पोटकलम 2, आणि बदनामीच्या 500 च्या जागी 356 चं पोटकलम 2. साक्षीदार मात्र जबाबात 'तो चारसोवीस आहे' असंच म्हणणार. तो कलमाचा उल्लेख नसून शिवी आहे, तिथे आकडा न घालता 'ही इज अ क्रूक' लिही.

दुरुस्त केलेली पानं पाठवताना मूळ मराठीची छायाप्रत सोबत जोड, विशेषतः सातव्या आणि अकराव्या पानाची. तिथे 'संगनमत' शब्द आहे आणि तुझ्या इंग्रजीत कुठे 'कोल्यूजन', कुठे 'कॉन्स्पिरसी' झालंय. कोणता ठेवायचा ते मूळ वाक्य पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

तुझा,
दोस्त