इंग्लंडला जाणाऱ्यांनी पब वगळू नये

संपादक महोदय,

तुमच्या रविवारच्या पुरवणीत इंग्लंडच्या सहलीवर लेख आला होता, तो वाचून हे पत्र लिहितोय. बिग बेन, लंडन आय, स्टोनहेंज, लेक डिस्ट्रिक्ट सगळं होतं त्यात, पण पबबद्दल एकच वाक्य, की कुटुंबाबरोबर असाल तर पब टाळा. मी गेली बरीच वर्षं मिडलँड्समध्ये, म्हणजे इंग्लंडच्या मधल्या भागात राहतो आणि ते वाक्य वाचून मला खरंच वाईट वाटलं, कारण या देशातली माणसं एकमेकांशी कशी वागतात हे बघायचं असेल तर ते म्युझियममध्ये नाही दिसत, पबमध्ये दिसतं.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत पब म्हटलं की डीजे, अंधार, कव्हर चार्ज आणि दारावर बाउन्सर. इंग्लंडचा जुना पब म्हणजे यातलं काहीच नाही. तो आपल्या गावातल्या पारासारखा असतो, दुपारी म्हातारी माणसं पेपर वाचत बसलेली, कोणाचा तरी कुत्रा टेबलाखाली झोपलेला, रविवारी अख्खं कुटुंब आजीआजोबांसकट जेवायला आलेलं. मुलांना जेवणाच्या वेळी बहुतेक ठिकाणी घेऊन जाता येतं, फक्त आत शिरल्यावर एकदा विचारायचं. आणि दारू पीत नसाल तरी काही बिघडत नाही, लाइम अँड सोडा मागा, चहा-कॉफीपण बऱ्याच ठिकाणी मिळते, कोणी आग्रह करत नाही की का घेत नाही म्हणून विचारतही नाही.

आता चांगला पब ओळखायचा कसा. माझं मत स्पष्ट आहे, पबची खरी परीक्षा तळघरात होते. काउंटरवर जे उभे दांडे दिसतात ते हँडपंप, त्यातून येते ती कास्क एल, म्हणजे पिंपातली बिअर जिच्यातलं यीस्ट अजून जिवंत असतं आणि जी पबच्या तळघरात येऊन तिथेच शेवटची मुरते. बाटलीतल्या नेहमीच्या लागर बिअरसारखं फ्रीजमधून काढलं आणि दिलं असं इथे नाही चालत. तळघर साधारण 11 ते 13 डिग्रीवर ठेवावं लागतं, पिंप आडवं ठेवून गाळ खाली बसू द्यावा लागतो, रोज नळ्या आणि चव तपासावी लागते आणि एकदा पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावंच लागतं नाहीतर आंबट होतं. नेहमीचं छोटं पिंप म्हणजे फर्किन, 9 गॅलन, म्हणजे 72 पाइंट (पाइंट म्हणजे अर्ध्या लिटरहून थोडा मोठा ग्लास). म्हणून दहा-बारा हँडपंप बघून खूश होऊ नका, गर्दी नसेल तर एवढी बिअर तीन दिवसांत पिणार कोण? तीन-चारच असतील पण ताज्या असतील तो पब चांगला. आणि पाइंट आंबट लागला तर शांतपणे सांगा, चांगला मालक एक शब्द न बोलता बदलून देतो.

लोक म्हणतात इंग्लंडची बिअर कोमट असते. कोमट नाही हो, तळघराइतकी थंड असते आणि तशीच ती प्यायची असते, बर्फासारखी गार केली तर हॉप्सच्या फुलांचा आणि माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या धान्याचा वास कळतच नाही. ही बिअर 1960-70 च्या सुमारास जवळजवळ संपायला आली होती, मोठ्या ब्रुअरीज, म्हणजे बिअर बनवणाऱ्या कंपन्या सगळीकडे गॅस भरलेली केगची बिअर ढकलत होत्या, तेव्हा 1971 मध्ये चार मित्रांनी चळवळ सुरू केली, तीच आजची कॅम्पेन फॉर रिअल एल. साध्या ग्राहकांनी उभी केलेली चळवळ आणि तिच्यामुळे आज हँडपंप शिल्लक आहेत, मला याचं फार कौतुक वाटतं.

शाकाहारी वाचकांसाठी एक गोष्ट, कारण सहलीच्या लेखात हे कोणी लिहीत नाही. कास्क बिअर स्वच्छ दिसावी म्हणून तिच्यात परंपरेने आयसिंगग्लास घालतात, ते माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून करतात. चालत नसेल तर बारवर विचारा, आता ते न घातलेली किंवा व्हीगन बिअर पुष्कळ ठिकाणी असते.

आपला या बिअरशी जुना संबंधपण आहे. इंडिया पेल एल हे एका प्रकारच्या बिअरचं नाव उगाच नाही पडलं, लंडनच्या हॉजसनच्या ब्रुअरीची बिअर अठराव्या शतकाच्या शेवटी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून आपल्याकडे यायची, पुढे बर्टन अपॉन ट्रेंट गावातल्या ऑलसॉप आणि बास या ब्रुअरींनी तो धंदा घेतला. बासचा लाल त्रिकोण हा ब्रिटनमधला पहिला नोंदवलेला ट्रेडमार्क, 1876 चा.

पण नुसती बिअर चांगली म्हणजे पब चांगला असं नाही. तिथे कोणालाही आत येऊन बसता आलं पाहिजे, आणि हे इथे कायम तसं नव्हतं हे आपल्या लोकांनी विसरू नये. बर्मिंगहॅमशेजारच्या स्मेथविकमध्ये 1960 च्या दशकात फाउंड्रीत राबणाऱ्या भारतीयांना काही पबमध्ये ठरावीक खोलीत बसू देत नसत, कलर बार म्हणायचे त्याला. इंडियन वर्कर्स असोसिएशनने त्याविरुद्ध आंदोलनं केली, फेब्रुवारी 1965 मध्ये अमेरिकेतला कृष्णवर्णीयांचा नेता माल्कम एक्स स्वतः स्मेथविकला येऊन गेला, आणि त्याच वर्षीच्या रेस रिलेशन्स ॲक्टने पबसारख्या सार्वजनिक जागी वर्णावरून नाकारणं बेकायदा ठरवलं. आज त्याच स्मेथविक आणि वेस्ट ब्रॉमविचमध्ये पंजाबी मालकांचे देसी पब आहेत, तडतडत येणारं मिक्स्ड ग्रिल, सोबत बिटर नावाच्या एलचा पाइंट, एका टेबलावर गोरे आजोबा फुटबॉल बघतायत आणि शेजारी सरदारजींचं कुटुंब जेवतंय. ज्या दारातून बाहेर ठेवलं तेच दार या लोकांनी चालवायला घेतलं, आणि आजूबाजूचे पब बंद पडत असताना वस्तीला बसायची जागा राखली. माझ्या लेखी इंग्लंडमध्ये बघण्यासारख्या जागांत हे पब फार वर येतात, आणि एकही टूर कंपनी तिकडे नेत नाही.

लंडनमध्येच असाल तर साउथवर्कचा जॉर्ज इन बघा, लंडन ब्रिज स्टेशनपासून चालत काही मिनिटं. 1676 च्या आगीनंतर 1677 मध्ये पुन्हा बांधलेला, घोडागाड्यांच्या काळातली लाकडी सज्जांची इमारत, लंडनमध्ये असा हा एकच उरलाय, बाकीच्या बाजू रेल्वेने गोदामासाठी पाडल्या. आता नॅशनल ट्रस्टच्या मालकीचा आहे. लिव्हरपूलला गेलात तर फिलहार्मोनिक, नक्षीकाम, मोझेक, रंगीत काचा, 2020 मध्ये त्याला ग्रेड वन, म्हणजे जपायच्या इमारतींमधला सगळ्यात वरचा दर्जा मिळाला. पण खरं सांगायचं तर नावाजलेल्या पबपेक्षा एखाद्या साध्या गल्लीतला पब जास्त आवडेल, जिथे छोट्या छोट्या खोल्या शिल्लक आहेत, शेकोटी आहे, टीव्हीचा आवाज नाही आणि बोलणं ऐकू येतं. जिथे सगळी टेबलं जेवणासाठी मांडून ठेवलेली आणि नुसता एक पाइंट घेऊन बसायला जागा नाही, तो माझ्या मते रेस्टॉरंट आहे, जेवण कितीही चांगलं असो.

वागायच्या रीती सोप्या आहेत. वेटर येत नाही, बारवर जाऊन सांगायचं. रांग दिसत नाही पण असते, आधी कोण आलं ते सगळ्यांना माहीत असतं, घुसू नका, नोट हलवू नका. चौघं असाल तर प्रत्येकाने आपापलं बिल असं नाही, एकाने सगळ्यांसाठी आणायचं, मग दुसऱ्याने, आणि आपली पाळी चुकवणारा माणूस लोकांच्या बरोबर लक्षात राहतो. टिप द्यावी लागत नाही.

हे सगळं आत्ता लिहायचं कारण म्हणजे पब भराभर बंद होतायत. भाडं, वीजबिल, टॅक्स, शिवाय बरेच पब मोठ्या कंपन्यांच्या मालकीचे असल्यामुळे चालवणाऱ्याला बिअर त्यांच्याकडूनच चढ्या भावाने घ्यावी लागते. तरी लोक लढतात. लंडनच्या मायडा वेलमधला कार्लटन टॅव्हर्न 2015 मध्ये परवानगी न घेता पाडला, लोकांनी आणि कौन्सिलने सोडलं नाही, होता तसा विटेवीट बांधायला लावला आणि 2021 मध्ये तो परत उघडला. लंडनच्याच नन्हेडमधला आयव्ही हाउस विकायला निघाला तर रहिवाशांनी एकत्र येऊन 2013 मध्ये स्वतःच विकत घेतला.

तेव्हा पुढच्या वेळी इंग्लंडवर लेख छापाल तेव्हा पबला एक नीट चौकट द्या ही विनंती. आणि त्यात हेही घाला की बऱ्याच पबची किचन दुपारी अडीच-तीन ते संध्याकाळी सहा बंद असतात, रविवारचं रोस्ट, म्हणजे भाजलेल्या मांसाचं जेवण, दुपारी उशिरा गेलं की संपलेलं असतं म्हणून आधी फोन करून टेबल सांगावं, शाकाहारींनी त्याऐवजी नट रोस्ट, म्हणजे सुकामेव्याचा भाजलेला पदार्थ, आहे का विचारावं, आणि निवांत बसायचं असेल तर शनिवार-रविवार सोडून कुठल्याही दिवशी दुपारी चारच्या सुमारास जावं, मालकाला तेव्हा बोलायला वेळ असतो.

आपला,
एक वाचक, लेस्टर