गालिच्याखालची करकर

मा. संपादक,

वडोदऱ्यात दांडिया बाजार, रावपुरा भागातल्या जुन्या कडीपाटाच्या (लाकडी तुळयांवर, म्हणजे कड्यांवर, फळ्या टाकलेल्या) घरांत माडीची जमीन करकरली की लोक गालिचा उचलून सरसकट खिळे ठोकतात. लाकूड सुकून आकसले की फळी खिळ्यावरच वरखाली घासते. नवा खिळाही तेच करणार. खालून कडी दिसत असेल तर एकाने वर चालावे, दुसऱ्याने कडी-फळीमधली फट हेरून फेविकॉल लावलेली पातळ पाचर हातानेच सरकवावी. ठोकली तर फळी उचलते नि शेजारची करकरू लागते. खाली छत झाकलेले असल्यास गालिचा भिंतीकडून गुंडाळावा आणि इंचभर जाड फळीला आधी भोक पाडून अडीच इंची स्क्रू कडीत कसावा. गालिच्यातून ड्रिल मात्र नकोच; दोरा बिटाला गुंडाळून वीण उसवते.

— एक वाचक, वडोदरा