लोकर म्हणजे नेमकी कोणती लोकर?

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की नागपुरातल्या घराघरांतून विणकामाच्या सुया बाहेर निघतात आणि अलीकडे त्यांच्या जोडीला रंगाचे गंजही शेगडीवर चढू लागले आहेत. पांढरी लोकर आणून ती घरीच रंगवायची, तिचे स्वेटर, मफलर विणायचे किंवा गोणपाटावर लोकरीच्या पट्ट्या आकडीने वर ओढून गालिचा करायचा, ही हौस मी स्वतः गेली बारा वर्षे करीत आले आहे. त्यामुळे नव्याने या वाटेला लागणाऱ्यांचे मला कौतुकच वाटते. माझी तक्रार आहे ती ‘लोकर’ या शब्दाच्या सैल वापराबद्दल.

गेल्या हिवाळ्यात शहरातल्या एका कार्यशाळेला मी शुल्क भरून गेले होते. प्रत्येकीला पांढरा गुंडा देण्यात आला, पळसाच्या फुलांच्या गाळलेल्या पाण्यात तो अर्धा तास बुडवण्यात आला आणि फिकट केशरी झालेला धागा पिशवीत घालून आम्ही घरी परतलो. दुसऱ्या दिवशी पहिल्याच धुण्यात सगळा केशरी बादलीत उतरला आणि हातात पुन्हा पांढराच गुंडा राहिला. शंका आली म्हणून त्याचा वीतभर तुकडा चिमट्यात धरून निरांजनाच्या ज्योतीवर नेला. तो वितळत, काजळी सोडत जळाला आणि टोकाला काळा, टणक मणी तयार झाला. खरी लोकर केस जळाल्यासारखा वास सोडते, ज्योतीबाहेर काढली की बहुधा आपोआप विझते आणि तिची राख बोटांनी चुरडता येते. म्हणजे आम्हाला दिलेली ‘लोकर’ अॅक्रिलिक या कृत्रिम धाग्याची होती. अॅक्रिलिकला कॅटायॉनिक (धनभारित) जातीचे रासायनिक रंग लागतात, ते उकळीच्या जवळ बसवावे लागतात आणि ते काम कारखान्याचे आहे. पळस, झेंडू, डाळिंबाची साल यांपैकी कशाचाही पक्का रंग त्यावर घरगुती रीतीने चढत नाही.

आयोजकांनी मुद्दाम फसवले असे मी म्हणणार नाही, कारण त्यांनाही दुकानदाराने ‘लोकर’ म्हणूनच तो माल दिला असणार. सीताबर्डीत जा की इतवारीत, पळसाला पाने तीनच. मेंढीची लोकर, अॅक्रिलिक आणि दोहोंचे मिश्रण ही सगळी एकाच नावाने मागितली आणि विकली जातात. अॅक्रिलिक वाईट आहे असेही नाही. ते स्वस्त असते, धुवायला सोपे असते, कसर लागत नाही आणि लहान मुलांच्या टोप्यांना मीही तेच वापरते. मात्र रंगवणाऱ्यासाठी या दोन धाग्यांत कापूस आणि काच यांच्याइतके अंतर आहे.

खऱ्या लोकरीवर पळस कसा बसतो हे एकदा पाहिले की हा फरक कायमचा लक्षात राहतो. शंभर ग्रॅम कोरडी लोकर तोलून तिच्या सैलसर लड्या कराव्यात, चार ठिकाणी सुती दोऱ्याने ढिल्या बांधाव्यात आणि तासभर कोमट पाण्यात भिजवाव्यात. मग रंग धाग्याला पक्का धरावा म्हणून बारा ते पंधरा ग्रॅम तुरटी विरघळवलेल्या पाण्यात त्या सोडून आच हळूहळू वाढवावी आणि पाणी उकळू न देता, ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास तासभर ठेवावे. लोकर त्याच पाण्यात निवू द्यावी, कारण गरम पाण्यातून काढून थेट थंड नळाखाली धरलेली किंवा गरम असताना सारखी ढवळलेली लोकर आटून तिचा नमदा, म्हणजे धागे एकमेकांत घट्ट गुंतलेला गोळा, होतो. फाल्गुनात गोळा करून वाळवलेली पळसफुले किमान लोकरीइतक्याच वजनाची घ्यावीत, रात्रभर भिजवून उकळावीत, गाळावीत आणि त्या काढ्यात तुरटी लावलेली लोकर पुन्हा तशीच मंद आचेवर ठेवावी. फुले केशरी असली तरी लोकरीवर रंग पिवळा येतो, हे अनेकींना खटकते. मग केशरी झाक यावी म्हणून कुणीतरी धुण्याचा सोडा टाकते. पाणी झटकन केशरी होते खरे, पण गरम क्षारात लोकरीचा धागा कमजोर आणि खरखरीत होतो. लाल रंगच हवा असेल तर लाख आहे. गोंदियाच्या बाजूला याच पळसाच्या फांद्यांवर लाखेचे किडे वाढवले जातात आणि कच्ची लाख धुताना निघणारे पाणी तुरटीच्या लोकरीवर गडद किरमिजी रंग देते. फुले एक रंग देतात, फांद्या दुसरा. आपल्या विदर्भातले हे झाड रंगाऱ्यासाठी असे दुहेरी कामाचे आहे.

पाण्याचाही यात हात असतो. एकाच दिवशी, एकाच काढ्याचे दोन भाग करून मी एक लडी नळाच्या आणि एक बोअरच्या पाण्यात रंगवली होती. पहिली लिंबासारखी पिवळी झाली, दुसरीवर मेंदीची हिरवट झाक आली, कारण आमच्या बोअरच्या पाण्यात लोह आहे. हीच झाक हवी असेल तर चिमूटभर हिराकस (लोहाचे सल्फेट) टाकून ती मुद्दाम आणता येते. मात्र ते जास्त झाले तर लोकर ठिसूळ होते. हळदीबद्दल तर मला सांगावेच लागेल. ती तुरटीशिवायही लगेच चढते, म्हणून नवशिक्यांना आवडते, पण नागपूरच्या उन्हात ती टिकत नाही. रंगवलेल्या धाग्याचा अर्धा भाग पुठ्ठ्याखाली झाकून पंधरा दिवस खिडकीत ठेवला की हे ज्याचे त्याला कळते.

रासायनिक रंगांचे मला वावडे नाही. लोकरीसाठीचे अॅसिड रंग पांढऱ्या व्हिनेगरच्या आम्लात बसतात आणि रंगाचे प्रमाण नेमके असेल तर अर्ध्या-पाऊण तासात सगळा रंग धाग्यात ओढला जाऊन गंजातले पाणी जवळजवळ स्वच्छ होते. हे दर वेळी पाहूनही मला नवल वाटते. त्या गंजात पुन्हा भाजी मात्र करू नये. रंगाचा गंज, चमचा आणि गाळणी कायमची वेगळी ठेवावीत. जुन्या कृतींमध्ये आढळणारे पोटॅशियम डायक्रोमेट विषारी असल्याने ते घरात आणूच नये.

गोणपाटावरचा गालिचा हा प्रकार न्यू इंग्लंड आणि कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात तागाची पोती सहज मिळू लागल्यावर फोफावला. त्या कामात डागाडागांचा, असमान रंग हवाच असतो, कारण त्यातूनच आभाळ आणि पाने उठून दिसतात. स्वेटरला मात्र सगळ्या लड्या एकाच घाण्यात रंगवाव्या लागतात, नाहीतर पाठीवर पट्टा दिसतो. गालिच्यासाठी आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची जाडीभरडी लोकर उत्तम आहे. तीच घोंगडीची लोकर. अंगाला टोचते, पायाखाली टिकते. तिचा रंग बहुधा काळा असल्याने ती न रंगवताच किनारीला वापरावी.

म्हणून विक्रेत्यांना माझी विनंती आहे की त्यांनी गुंड्यांच्या खोक्यावर ‘मेंढीची लोकर’, ‘अॅक्रिलिक’ किंवा ‘मिश्र’ असे मराठीत ठळक लिहावे, आणि कार्यशाळा घेणाऱ्यांनी शुल्क घेण्यापूर्वीच धागा कोणता देणार ते सांगावे. आपल्या दैनिकात हिवाळी पुरवणीसाठी लोकर रंगवण्याची कृती छापताना धाग्याचे नाव आणि तुरटीचे वजन त्यात आवर्जून द्यावे. माझा तो पांढरा गुंडा अजून तसाच पडून आहे. कुणाला बाळाची टोपी विणायची असल्यास तो मी आनंदाने देईन.

आपली,
एक विणकाम करणारी वाचक,
धरमपेठ, नागपूर